गडकोटांच्या वाटेवर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले अकरा, तर बारावा तमिळनाडूतला जिंजी. या सदराकडे आलेल्या पत्रांत किती दिवसांत किती गड होतील, ही विचारणा सर्वाधिक आहे. किल्ला ‘होत’ नसतो, तो पाहावा लागतो, असे आमचे प्रामाणिक मत असल्यामुळे पुढील काही उत्तरांत वाचकांनी केलेली यादी आम्ही लहान केली आहे. त्याबद्दल त्यांनी राग मानू नये.

प्रश्न : डिसेंबरमध्ये पाच दिवस गड पाहण्यासाठी काढले आहेत. सोबत बहात्तर वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगा दहा वर्षांचा आहे. रायगड, राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग आणि जंजिरा अशी यादी केली आहे. जमेल का? (एक वाचिका, नागपूर)

उत्तर : पाचही ठिकाणांच्या पायथ्याला गाडी नेऊन उभी करणे कदाचित जमेल, परंतु पाचही दिवस घाटरस्त्यांत जातील आणि सासूबाईंच्या वाट्याला गाडीची खिडकी येईल. राजगडाची चढण त्यांना झेपणार नाही, प्रतापगडालाही पायऱ्या चुकत नाहीत. म्हणून आपण या वेळी पन्हाळा आणि सिंधुदुर्ग हे दोनच किल्ले पाहावेत, असे सुचवतो. पन्हाळा आपल्या यादीत नव्हता. पण घरातली तिन्ही पिढ्यांची माणसे एकत्र घेऊन जाण्यासाठी त्याच्याइतका सोयीचा मोठा गड दुसरा नाही.

नागपूरहून कोल्हापूरला थेट रेल्वेगाडी आहे आणि कोल्हापूरपासून पन्हाळा सुमारे वीस किलोमीटरवर आहे. गडावर गाव नांदते, त्यामुळे गाडी थेट वर जाते. किल्ल्याची बांधणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातली, म्हणजे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातली मानली जाते. पुढे बहमनी, आदिलशाही आणि मराठे अशा अनेक राजवटींनी तीत भर घातली. पाहण्याची सुरुवात अंबरखान्यापासून करावी. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेली ही धान्याची प्रचंड कोठारे आहेत. १६६० मध्ये सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला आणि शिवाजी महाराज सुमारे चार महिने आत अडकले, हे आपण शाळेत शिकतो. मात्र गडाने इतके दिवस तग कसा धरला, याचे अर्धे उत्तर या कोठारांच्या जाड भिंतींपाशी मिळते. उरलेले अर्धे अंधारबावीत आहे. बाहेरून साध्या इमारतीसारखी दिसणारी ही तीन मजली विहीर आहे, आणि गडाचे पाणी शत्रूपासून झाकून ठेवण्याचा तो उपाय होता. पायऱ्या उतरून मुलाला आत न्यावे, सासूबाईंनी वरच्या मजल्यावर थांबले तरी चालेल. त्यानंतर तीन दरवाजा पाहावा. एकामागे एक दरवाजे आणि मध्ये चौक अशी रचना असल्यामुळे पहिला दरवाजा फोडून आत आलेला शत्रू मोकळ्यावर येण्याऐवजी कोंडीत सापडत असे. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज भर पावसात गडावरून विशाळगडाकडे निघाले आणि मागे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे पडले. मुलाला ही हकिगत सांगायची असेल, तर गडावरून विशाळगडाच्या दिशेच्या डोंगररांगा दाखवत सांगावी. अंतर डोळ्यांना दिसले की ती त्याच्या मनात वेगळ्याच रीतीने उतरेल.

तिसऱ्या दिवशी घाट उतरून मालवणला जावे आणि तेथे दोन रात्री राहावे. सिंधुदुर्गाला जाणाऱ्या होड्या मालवणच्या धक्क्यावरून सुटतात. होडीत चढता-उतरताना ती हलते, तेव्हा सासूबाईंना नावाड्याचा हात धरू द्यावा. आत गेल्यावर मंदिरापर्यंतची वाट सोपी आहे, तटावरचे जिने मात्र त्यांनी टाळावेत. होडी किल्ल्याजवळ येऊ लागली की मुलाला दरवाजा शोधायला सांगावे. तो सहज दिसत नाही. दोन बुरुजांच्या मधल्या वळणात त्याला दडवलेले आहे, कारण समोरून आलेल्या जहाजाच्या तोफेला तो सापडू नये आणि हत्तीला किंवा ओंडक्याला धडक देण्यासाठी सरळ धाव मिळू नये. या रचनेला गोमुखी दरवाजा म्हणतात. रायगडाचा महादरवाजाही याच पद्धतीचा आहे. किल्ल्याच्या आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारा समुद्र असताना ते पाणी पाहून मोठी माणसेही थबकतात.

रायगडाविषयी याच सदरात शेवटी वेगळे उत्तर आहे. तो पुढच्या सुट्टीसाठी राखून ठेवावा.

प्रश्न : राजगड एका दिवसात पाहून पुण्याला परतता येईल का? गुंजवण्याची वाट चांगली की पालीची? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

उत्तर : परतता येईल, परंतु मग तीन माच्यांपैकी, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या तटबंदीच्या सपाट भागांपैकी, फार तर दीड माची पाहून होईल. राजगड सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी होता. अफजलखानाच्या भेटीसाठी महाराज प्रतापगडाकडे गेले ते येथून, आणि १६६६ मध्ये आग्र्याहून सुटल्यावर ते परतले तेही येथेच. १६७० मध्ये राजारामांचा जन्म याच गडावर झाला. एवढे आयुष्य ज्या गडावर घडले, त्याला निदान सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा एक संपूर्ण दिवस द्यावा. आदल्या रात्री पायथ्याच्या गावात मुक्काम करून पहाटे चढायला लागणे उत्तम. गडावर राहण्याविषयीचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून वर राहण्याचा बेत गावात चौकशी केल्याशिवाय आखू नये.

गुंजवण्याची वाट जवळची आणि उभी आहे. ती चोरदरवाजातून पद्मावती माचीवर निघते, आणि शेवटच्या टप्प्यात कातळावर हात-पाय दोन्ही लावावे लागतात. पालीची वाट हा राजमार्ग. तिच्यावर पायऱ्या आहेत आणि ती रुंद पाली दरवाजाने वर पोचते. प्रथमच जाणाऱ्याने पालीच्या वाटेनेच चढावे. त्याचे कारण केवळ सोय हे नाही. राजधानीत येणारा वकील किंवा सरदार ज्या वाटेने आला असेल, त्याच वाटेने गड आपल्यासमोर उलगडतो.

वर गेल्यावर बहुतेक मंडळी पद्मावती माचीवर विसावतात आणि मग बालेकिल्ल्याकडे धावतात. आम्ही उलट सुचवतो. सकाळची ताकद संजीवनी माचीसाठी ठेवावी. ही माची लांबच लांब, तीन टप्प्यांत उतरत गेलेली आहे आणि तिच्या तटाला बाहेरून दुसरा तट घातलेला आहे. या दोन तटांच्या मधल्या अरुंद जागेत आतून उतरणारे चोरजिने आहेत आणि खाली दिंड्या, म्हणजे लहान दरवाजे आहेत. बाहेरचा तट पडला तरी शत्रू गडात येत नाही, तो दोन भिंतींच्या मध्ये सापडतो आणि वरून त्याच्यावर मारा होतो. ही चिलखती बांधणी कागदावर वाचून कळत नाही. त्या चोरजिन्याने स्वतः उतरून, मान वर करून तटाकडे पाहिले की क्षणात कळते. दुपारी बालेकिल्ला करावा. तिथली चढण छातीवर येणारी आहे, आधाराला लोखंडी कठडे आहेत, तरी पाऊस किंवा दव असेल तर घाई करू नये. सुवेळा माची पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून ती खरी सकाळची. तेथील कातळात आरपार गेलेले नैसर्गिक छिद्र, ज्याला नेढे म्हणतात, त्यात बसले की दोन्ही बाजूंची दरी एकाच वेळी दिसते आणि वारा अंगावर अक्षरशः धावून येतो. एका दिवसात तीनही माच्या बसत नसतील तर सुवेळा पुढच्या खेपेसाठी सोडावी, मात्र संजीवनी सोडू नये.

प्रश्न : जंजिरा इतका प्रसिद्ध किल्ला असताना तो वारसा यादीतल्या बारांत का नाही? तो पाहण्यासारखा नाही का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तो अवश्य पाहण्यासारखा आहे. यादी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेतल्या किल्ल्यांची आहे, आणि जंजिरा हा त्या व्यवस्थेसमोर उभा ठाकलेला सिद्दींचा किल्ला होता. तो मराठ्यांना कधीच जिंकता आला नाही. संभाजी महाराजांनी समुद्रात भर टाकून किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत वाट करण्याचा प्रयत्न केला होता, यावरून तो किती सलत होता हे लक्षात येते. पण म्हणूनच आम्ही म्हणतो की जंजिरा पाहिल्याशिवाय पश्चिम किनाऱ्यावरचे मराठ्यांचे जलदुर्ग पूर्णपणे समजत नाहीत. त्याच्याजवळच समुद्रात उभा असलेला पद्मदुर्ग, मुंबईच्या तोंडाशी इंग्रज आणि सिद्दी या दोघांचाही विरोध सहन करत १६७९ मध्ये तटबंदी घातलेला खांदेरी, आणि दक्षिणेकडे २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग, या सगळ्यांमागे सिद्दी आणि फिरंगी आरमारांना शह देण्याचा एकच विचार आहे.

जंजिऱ्याच्या होड्या राजपुरीहून सुटतात. कलालबांगडी ही अजस्र तोफ सगळेच पाहतात. तिच्याबरोबरच आतला गोड्या पाण्याचा तलावही थांबून पाहावा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्यामुळे सर्वच जलदुर्गांची वाहतूक बंद असते, तेव्हा बेत ऑक्टोबरनंतरचा करावा. सुवर्णदुर्गाला हर्णैहून मच्छीमारांची होडी ठरवून जावे लागते. जाण्या-येण्याचे भाडे आणि थांबण्याचा वेळ आधीच बोलून घ्यावा.

प्रश्न : हेलियम वायूचा शोध विजयदुर्गावर लागला, असे वाचले. वर्गातील मुलांना घेऊन जाणार आहे. हे खरे आहे का? (एक शिक्षक, सांगली)

उत्तर : आपण मुलांना सांगण्यापूर्वी विचारलेत, हे फार चांगले केलेत. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत आणि स्थानिक परंपरा त्यांचा संबंध या ग्रहणाच्या निरीक्षणाशी व नॉर्मन लॉकयर या शास्त्रज्ञाशी जोडते. इतिहासाची नोंद मात्र अशी आहे की फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी हे ग्रहण गुंटूर येथून पाहिले. सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटात या ग्रहणाच्या वेळी एक तेजस्वी पिवळी रेषा दिसली. लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, ती रेषा पाहिली आणि पुढे ती पृथ्वीवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची असल्याचे मांडले. ‘हेलियम’ हे नाव त्यातूनच आले. पृथ्वीवर हा वायू रॅम्से यांनी १८९५ मध्ये वेगळा केला. म्हणून ओटे जरूर दाखवावेत, कथा ‘येथील लोक असे सांगतात’ म्हणून सांगावी, आणि खरी हकिगतही सांगावी. एकाच ग्रहणाकडे किती जण किती ठिकाणांहून पाहत होते, हे मुलांना कळले तर सहलीचे सार्थक होईल.

विजयदुर्गाला मोठे दिसण्यासाठी या कथेची गरजही नाही. तीन बाजूंनी पाणी, एकामागे एक तिहेरी तट, आणि समुद्राच्या तळाशी आढळलेली दगडी भिंत एवढे त्याला पुरे आहे. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे होते. १७५६ मध्ये ते पडले, तेव्हा समोरून इंग्रजांचे आरमार आले होते आणि जमिनीकडून पेशव्यांचे सैन्य. मराठ्यांच्या आरमाराचा कणा मराठ्यांच्याच साहाय्याने मोडला, हे आम्हाला आजही जड अंतःकरणानेच लिहावे लागते. वरच्या वर्गांतील मुलांपासून ते लपवू नये.

प्रश्न : आम्ही वीस वर्षे चेन्नईत आहोत. जिंजीला जाऊन काय पाहावे? (एक कुटुंब, चेन्नई)

उत्तर : आपल्याला हा किल्ला एका दिवसाच्या अंतरावर आहे, याचा आम्हाला हेवा वाटतो. चेन्नईहून तिंडिवनममार्गे जिंजी गाठावे. तिरुवण्णामलै तेथून सुमारे चाळीस किलोमीटरवर असल्याने दोन्ही ठिकाणे एकत्र करता येतात. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन टेकड्यांना तटबंदीने एकत्र बांधून हा किल्ला घडवला आहे. सह्याद्रीतले ताशीव कडे पाहिलेल्या डोळ्यांना तेथील गोल गुळगुळीत शिळांचे ढीग प्रथम अनोळखी वाटतात. त्या शिळांमधूनच तट कसा नेला आहे, ते पाहत राहावे.

शिवाजी महाराजांनी दक्षिणेच्या मोहिमेत १६७७ मध्ये जिंजी घेतली आणि तिची तटबंदी बळकट केली. बारा वर्षांनी, रायगडाला मोगलांचा वेढा पडल्यावर, राजाराम महाराज वेश पालटून येथे पोचले आणि जिंजी ही स्वराज्याची राजधानी झाली. झुल्फिकारखानाचा वेढा कमी-अधिक जोराने अनेक वर्षे चालला. १६९८ च्या आरंभी किल्ला पडला, पण राजाराम त्याआधीच निसटले होते. मोगलांची एवढी मोठी फौज दक्षिणेत गुंतून पडली, तेव्हाच इकडे रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांना हालचालीला वाव मिळाला. आपण राजगिरीचा माथा गाठाल, तेव्हा शेवटी एक खोल फट ओलांडून जावे लागेल. पूल काढून घेतला की माथा वेगळा पडतो, अशी ती जागा आहे. तिथे उभे राहिल्यावर हा वेढा इतका का लांबला, ते निराळे सांगावे लागत नाही. ऊन फार असते, त्यामुळे राजगिरी सकाळीच चढावी आणि पायथ्याचा कल्याण महाल, धान्यकोठारे व मंदिरे उतरल्यावर पाहावीत.

प्रश्न : मुलगा मित्रांबरोबर जुलैत हरिहर आणि नंतर हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने जायचे म्हणतो. पाठवावे का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : जुलैत या दोन्ही वाटांवर पाठवू नये. हरिहरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. पावसाने त्या निसरड्या होतात आणि गर्दीच्या दिवशी वर चढणारे व खाली उतरणारे एकाच अरुंद ओळीत अडकतात. नळीची वाट तर पाण्याचीच वाट आहे, वरून दगड येतात, आणि ती कोरड्या ऋतूतही अनुभवी माणसांनी दोर घेऊन करावयाची आहे.

पावसातच जायचे असेल तर लोहगड सांगावा. मळवलीहून चालत जाता येते, पायऱ्या बांधीव आहेत, एकामागून एक चार दरवाजे लागतात आणि वाटेत भाजे लेणी पाहता येतात. हरिश्चंद्रगड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाचनईच्या वाटेने करावा. केदारेश्वराच्या गुहेत कंबरभर गार पाण्यात मोठे शिवलिंग आहे. त्याभोवतीच्या चार खांबांपैकी आता एकच उभा आहे. पुढे कोकणकडा. अर्धवर्तुळाकार, आतल्या बाजूला वळलेला हा कडा इतका खोल आहे की काठावर पोटावर झोपूनच खाली पाहावे. उभ्याने डोकावू नये. खाली ढग आणि पाठीशी ऊन असा योग आला, तर ढगावर आपलीच सावली आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचे पूर्ण वर्तुळ दिसते. तो योग मागून मिळत नाही, त्यासाठी थांबावे लागते, आणि मुलांनी तेथे थांबायला शिकावे असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न : तटावर कोरलेली नावे पाहून संताप येतो. आम्ही काही मित्र तारेच्या ब्रशने ती घासून काढू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपला संताप योग्य आहे, उपाय मात्र करू नये. तारेच्या ब्रशने दगडाचा पृष्ठभाग जातो आणि चुन्याचे सांधे मोकळे होतात. संरक्षित स्मारकाला इजा करणे हा १९५८ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. छायाचित्रासह पुरातत्त्व विभागाला कळवावे, आणि स्वच्छता मोहीम काढायची असल्यास त्यांच्या परवानगीने व देखरेखीखाली काढावी. प्लॅस्टिक गोळा करण्यासाठी मात्र कोणी अडवत नाही.

प्रश्न : वय अडुसष्ट आहे. हृदयाच्या दुखण्यामुळे चढण वर्ज्य आहे. आयुष्यात एकदा रायगड पाहायचा आहे. वर दोन-तीन तासच मिळतील. काय पाहू? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन रोपवेने जावे. हिरकणीवाडीहून पाळणा काही मिनिटांत वर नेतो. शनिवार-रविवारी रांग मोठी असते, तेव्हा मधल्या वारी आणि सकाळी पहिल्या फेऱ्यांत जावे. देखभालीसाठी सेवा बंद नाही ना, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

वर पोचल्यावर मेणा दरवाजाकडून आत शिरताच राणीवशाची जोती दिसतील. येथे केवळ जोती का उरली, याचे उत्तर मे १८१८ मध्ये आहे. इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात गडावरच्या इमारती जळाल्या. तेथून सदरेवर, म्हणजे दरबाराच्या जागी जावे. ६ जून १६७४ रोजी जेथे राज्याभिषेक झाला, त्या जागेपासून समोरच्या नगारखान्यापर्यंत बरेच अंतर आहे, तरी एका टोकाचे बोलणे दुसऱ्या टोकाला ऐकू येते. आपल्याबरोबरच्या माणसाला नगारखान्यापाशी उभे करून अनुभव घ्यावा. मग होळीचा माळ आणि बाजारपेठेच्या दोन्ही ओळींमधून सावकाश चालत जगदीश्वराच्या मंदिराकडे जावे. ही वाट लांब आहे, वाटेत बसत बसत जावे. टकमक टोक सोडून दिले तरी चालेल.

मंदिराच्या पायरीपाशी एक लहानसा दगड आहे. त्यावर ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’ एवढीच अक्षरे आहेत. ज्याच्या देखरेखीखाली हा सगळा गड उभा राहिला, त्याने आपले नाव येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांजवळ लावून घेतले. तेथे थोडे थांबून मागच्या बाजूला महाराजांच्या समाधीकडे जावे. परतीच्या पाळण्याची वेळ आधी विचारून ठेवावी, म्हणजे समाधीपाशी घड्याळाकडे पाहावे लागणार नाही.